वाचक विचारतात : दाताचं सिमेंट आणि तोंडातलं पाणी

या महिन्यात दातांच्या सिमेंटबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. सगळ्या पत्रांत कुठे ना कुठे पाणी आडवं आलं आहे. कधी ते थुंकीचं आहे, कधी हवेतलं, तर कधी दाताच्या आतलं. त्यामुळे उत्तरांतही पाणी पुन्हापुन्हा येईल.

दाढेचं रूट कॅनल करून धातूची कॅप बसवली होती. अडीच वर्षांत ती घास चावताना निघून हातात आली. आत खडूसारखा पांढरट थर दिसतो. सिमेंट हलक्या प्रतीचं होतं का? आणि ती घरीच फेविक्विकने चिकटवली तर? (चिपळूण)

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : चिकटवू नका. तो गोंद काही सेकंदांत धरतो. तेवढ्यात कॅप केसभर जरी तिरकी बसली, तरी चावताना सगळा भार तिच्यावरच येतो. नंतर दाताला आणि कॅपला चिकटलेला गोंद डॉक्टरांना ड्रिलने खरवडावा लागतो, आणि त्यात कॅपचं माप बिघडतं. आत कीड असेल तर तीही झाकली जाते. कॅप धुऊन डबीत ठेवा. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका, ती घशात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. चार-आठ दिवसांत डॉक्टरांकडे जा. फार दिवस गेले तर शेजारचे आणि समोरचे दात सरकतात, मग तीच कॅप बसत नाही.

आता सिमेंटच्या प्रतीबद्दल. खडूसारखा थर बहुधा झिंक फॉस्फेटचा असावा. हे सिमेंट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं कॅप बसवायला तेच वापरलं गेलं. त्याच्याआधी स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचं १८५५ सालचं झिंक ऑक्सिक्लोराइड वापरत, पण ते दाताच्या नसेला फार झोंबायचं. फॉस्फेटने ती अडचण कमी केली, पूर्ण घालवली नाही. ओलं असताना तेही आम्लच असतं. कालवल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) ३च्याही खाली असतो आणि चोवीस तासांत ५-६च्या घरात येतो. तुमच्या दाढेचं रूट कॅनल झालं आहे, म्हणजे नस आधीच काढलेली आहे, त्यामुळे हा त्रास तुम्हाला होणार नव्हता.

मुख्य म्हणजे झिंक फॉस्फेट दाताला चिकटतच नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात, तसं ते कॅप आणि दात यांच्यामधल्या बारीक खडबडीत जागेत शिरून अडकतं. कॅप धरून ठेवायचं काम घासलेल्या दाताच्या भिंती करतात. दाढेच्या भिंती किमान ४ मिलिमीटर उंच हव्यात आणि समोरासमोरच्या दोन भिंतींचा एकूण उतार १० ते २० अंशांत हवा. दाढ बुटकी असेल किंवा जास्त निमुळती घासली गेली असेल, तर कुठलंही सिमेंट फार काळ टिकत नाही. जास्त सिमेंट घातल्यानेही पकड वाढत नाही. कॅप बसवायच्या सिमेंटचा थर २५ मायक्रॉनपर्यंत पातळ होऊ शकला पाहिजे, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. कॅप काठोकाठ भरली तर आतलं सिमेंट बाहेर पडायला वाट राहत नाही, कॅप वरच अडकते आणि चावताना उंच लागते. आतून पातळ लेप दिला की पुरतं.

डॉक्टरांना दाखवाल तेव्हा थर कुठे राहिला आहे हे त्यांना बघू द्या, घरी खरवडू नका. सगळं सिमेंट कॅपमध्ये असेल तर पकड दाताकडून सुटली. दातावर असेल तर धातूकडून सुटली. कॅपच्या आत काळपट डाग आणि कुजका वास असेल, तर कडेने थुंकी आत झिरपत होती आणि सिमेंट हळूहळू विरघळत होतं. मग नवीन कॅपचाच विचार करावा लागतो.

मी बीडीएसला आहे. काचेच्या स्लॅबवर झिंक फॉस्फेट मिक्स करताना कधी हाताखालीच घट्ट होतं, कधी पातळच राहतं. स्लॅब फ्रिजमध्ये ठेवून पाहिला, तर आणखीच लवकर सेट झालं. असं का? (मुंबई)

तुम्ही पत्रावर जुलैची तारीख घातली आहे, त्यातच निम्मं उत्तर आहे. स्लॅब गार हवा हे बरोबर. या सिमेंटमध्ये झिंक ऑक्साइड आणि फॉस्फोरिक आम्ल यांची क्रिया होताना उष्णता निघते, ती काचेने शोषली की काम करायला वेळ मिळतो. पण स्लॅब दवबिंदूच्या खाली गेला तर त्यावर घाम येतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एसी नसलेल्या खोलीत फ्रिजमधला स्लॅब सोडाच, माठातल्या पाण्याने गार केलेलाही ओला होईल. ते पाणी लिक्विडमध्ये मिसळतं, क्रिया वेगाने होते आणि गार करण्याचा सगळा फायदा जातो. एसीत २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १५ अंशांवर येतो. तेव्हा १८-२० अंशांचा स्लॅब कोरडा राहतो आणि कामाला येतो. काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली तर स्लॅब पुसून थोडा थांबा.

बाटलीतही हाच घोळ होतो. लिक्विडमध्ये साधारण एक तृतीयांश पाणी असतं. झाकण उघडं राहिलं की कोरड्या हवेत पाणी उडतं आणि सिमेंट उशिरा सेट होतं. दमट हवेत उलट पाणी आत शिरतं आणि ते लवकर सेट होतं. तेव्हा लिक्विड आधी काढून ठेवू नका. पावडर मांडून झाल्यावरच थेंब पाडा आणि झाकण लगेच लावा. लिक्विड गढूळ झालं किंवा तळाशी खडे दिसले तर बाटली टाका. शेवटचा पाचवा हिस्साही वापरू नये, कारण तोवर ते बऱ्याच वेळा उघडलेलं असतं.

मिक्स करायची पद्धत अशी. कॅपसाठी अर्ध्या मिलिलिटर लिक्विडला साधारण १.४ ग्रॅम पावडर लागते. पावडरचे सहा भाग करा : पहिले दोन एकेक सोळांश, तिसरा एक अष्टमांश आणि बाकीचे तीन एकेक चतुर्थांश. पहिल्या बारीक भागांचं काम आम्लाची धार मोडायचं असतं, म्हणून घाई इथेच नडते. पहिल्या तीन भागांना दहा-दहा सेकंद, पुढच्या दोनांना पंधरा-पंधरा आणि शेवटच्याला तीस, असं दीड मिनिट. स्पॅच्युला आडवा धरून स्लॅबची बरीचशी जागा वापरत गोल फिरवा. एका कोपऱ्यात घोटलं तर उष्णता तिथेच साठते. शेवटी स्पॅच्युला उचलून पाहा. दोन-अडीच सेंटिमीटरची तार येऊन तुटली तर कॅपसाठी योग्य. थेंब गळत असेल तर पावडर कमी पडली आहे, आणि असं सिमेंट जास्त आम्लयुक्त आणि जास्त विरघळणारं असतं. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये वरून लिक्विडचा थेंब टाकून ते सैल करणं ही सगळ्यांत वाईट सवय. अर्धवट तयार झालेली जाळी तुटते आणि ताकद जाते. ते पुसून टाका आणि नव्याने कालवा.

दवाखान्यात तात्पुरतं भरलं तेव्हा लवंगेचा वास आला. आजी दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायची, तेच का हे? डॉक्टर म्हणाले, हे काढून कायमचं पांढरं भरण लगेच नाही करता येणार. का नाही? (सातारा)

तेच आहे, फक्त त्यात झिंक ऑक्साइडची पावडर मिसळलेली असते. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक युजेनॉल. झिंक ऑक्साइडबरोबर तो १८७०च्या दशकापासून दंतवैद्यकात आहे. तो ठणका शांत करतो, म्हणून नसेजवळच्या खोल खड्ड्यात तात्पुरतं भरायला हे सिमेंट अजून वापरतात. आजीचा बोळा दाढेत ठीक. पण नुसतं तेल हिरडीला किंवा गालाला लागलं तर भाजतं. बोळा भिजवून पिळून घ्यायचा, गळता ठेवायचा नाही.

या सिमेंटला पाणी लागतंच. पाण्याशिवाय त्याची क्रिया सुरू होत नाही. म्हणून स्लॅबवर ते बराच वेळ मऊ राहतं आणि तोंडात गेलं की ऊब आणि ओलावा मिळून लवकर घट्ट होतं. पावसाळ्यात स्लॅबवरच धरायला लागतं, हे कुठल्याही सहायकाला विचारा.

पांढरं भरण म्हणजे कॉम्पोझिट रेझिन. ते मुक्त मूलकांच्या (फार चटकन क्रिया करणाऱ्या अर्धवट रेणूंच्या) साखळीक्रियेने घट्ट होतं, आणि युजेनॉल नेमके तेच मूलक गिळतो. सिमेंटचा अंश उरला तर रेझिन त्या जागी चिकट, अर्धवट मऊ राहतं. तुमचे डॉक्टर ओलसर सिमेंटवरून घाई करत नाहीत, हे बरोबरच आहे. पूर्ण सेट झालेलं सिमेंट नीट खरवडून, दात साफ करून मग रेझिन भरतात. पुढे रेझिनच भरायचं हे आधीपासून ठरलेलं असेल, तर युजेनॉल नसलेलं तात्पुरतं सिमेंटही मिळतं.

आमच्या शाळेत दंतशिबिर झालं. ड्रिल नाही, सुई नाही. हातातल्या छोट्या अवजाराने कीड खरवडली, दोन गोष्टी कालवून भरलं आणि बोटाला व्हॅसलिन लावून दाबलं. पालक विचारतात, हे टिकतं का? (नंदुरबार, शिक्षिका)

ते सिमेंट ग्लास आयोनोमर, आणि पद्धतीचं नाव एआरटी, म्हणजे ड्रिल न वापरता हातानेच कीड काढून दात भरणं. १९८०च्या दशकात टांझानियात वीज आणि खुर्ची नसलेल्या ठिकाणांसाठी ती विकसित झाली. एका बाजूच्या लहान खड्ड्यांत ते भरण चांगलं टिकतं. दोन दातांच्या मधल्या भिंतीतून आत गेलेल्या खड्ड्यात मात्र ते लवकर तुटतं किंवा निघतं. पालकांना हे स्पष्ट सांगा.

या सिमेंटची जन्मकथा म्हणजे दोन घराण्यांची सोयरीक. एकीकडे सिलिकेट सिमेंट होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढच्या दातांत ते भरत. ते काचेच्या भुकटीचं, दाताच्या रंगाचं, पण तोंडात विरघळायचं आणि नसेला त्रास द्यायचं. एक गुण मात्र सगळ्यांच्या लक्षात आला : त्याच्या कडेला पुन्हा कीड क्वचितच लागायची, कारण काचेतलं फ्लोराइड हळूहळू बाहेर पडायचं. दुसरीकडे १९६८ साली मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी झिंक ऑक्साइडमध्ये फॉस्फोरिकऐवजी पॉलिअॅक्रिलिक आम्ल घातलं. त्याचे रेणू मोठे, म्हणून नसेपर्यंत फारसे जात नाहीत. शिवाय त्यांचे आम्लगट दातातल्या कॅल्शियमला धरतात. दाताला रासायनिक रीतीने चिकटणारं हे पहिलं सिमेंट. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी सिलिकेटची काच बदलून तिची या आम्लाशी गाठ घालून दिली. १९७२ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये त्यांनी ते दंतवैद्यांपुढे मांडलं. सुरुवातीला ते फार सावकाश घट्ट व्हायचं. थोडं टार्टारिक आम्ल घातल्यावर काम करायला वेळही मिळाला आणि नंतर ते झटकन धरूही लागलं. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेच्या आंबटपणातलंच.

शिबिरात काय केलं असेल ते पाहा. खड्ड्यातली मऊ कीड खरवडली. सौम्य पॉलिअॅक्रिलिक आम्लाचा बोळा दहा-पंधरा सेकंद फिरवला. मग ओल्या बोळ्यांनी धुऊन कोरड्या बोळ्याने टिपून घेतलं. हवेने फुंकून कोरडं करायचं नसतं. मग कागदी पॅडवर एक सपाट चमचा पावडर आणि एक थेंब लिक्विड. थेंब पाडताना बाटली आधी आडवी धरून हवा वर येऊ देतात आणि मग सरळ उलटी करतात. बुडबुडा थेंबात गेला तर माप चुकतं, आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही. अर्धी पावडर एकदम, मग उरलेली, सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. स्पॅच्युला प्लास्टिकचा, कारण काचेची भुकटी धातू घासून काढते आणि भरण करडं पडतं.

गोळा चकचकीत असतानाच खड्ड्यात भरायला हवा. ती चकाकी म्हणजे वर आलेलं मोकळं आम्ल, तेच दाताला धरतं. चकाकी गेली, गोळा निस्तेज झाला, की तो नुसता अडकून बसतो, चिकटत नाही. शिबिरात मुलांची रांग लागलेली असते आणि सहायकाने कालवलेलं सिमेंट मूल तोंड उघडेपर्यंत पॅडवरच थांबतं. भरणं पडण्याचं मोठं कारण हेच.

आता व्हॅसलिन. बोटाला लावतात ते चिकटू नये म्हणून. पण भरणावर त्याचा थर राहतो, त्याचा उपयोग वेगळाच आहे. हे सिमेंट पाण्यातच घडतं, आणि सुरुवातीला पाणी वाढलं किंवा घटलं, दोन्ही त्याला बाधतं. पहिल्या काही मिनिटांत कॅल्शियमची बांधणी होते. त्या वेळी थुंकी लागली तर आयन धुऊन जातात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. अॅल्युमिनियमची पक्की बांधणी पुढे चोवीस तास चालते. या काळात ते सुकलं तर बारीक भेगा पडतात. म्हणून पहिला तासभर मुलांना खायला देऊ नका आणि त्या दिवशी भरलेल्या बाजूने कडक काही चावू देऊ नका.

मुलीला तारा बसवल्या आहेत. ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) पुन्हापुन्हा पडतात. डॉक्टर म्हणतात, पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग आहेत म्हणून. निळी जेल लावतात, ती काय असते? (यवतमाळ जिल्हा)

निळी जेल म्हणजे साधारण ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल. १९५५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे मायकल बुओनोकोर यांनी ते दातांवर वापरून दाखवलं. रंग लावण्याआधी धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्यांना हे सुचलं. त्यांनी ८५ टक्क्यांचं आम्ल अर्धा मिनिट लावलं. बिनआम्लाचे अॅक्रिलिकचे थेंब काही तासांत पडले, आम्ल लावलेले कित्येक आठवडे टिकले. आम्ल इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणाचा, वरचा सुमारे १० मायक्रॉन थर काढतं आणि त्याखाली बारीक छिद्रांची चाळण करतं. पातळ रेझिन त्या छिद्रांत शिरून घट्ट होतं. धुऊन वाळवल्यावर दात दुधी काचेसारखा, दव पडल्यासारखा पांढरा दिसला की काम झालं.

फ्लोरोसिस (फ्लोराइडमुळे पडलेले डाग) झालेल्या इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, कारण त्यात फ्लोराइड जास्त असतं आणि तो सहज विरघळत नाही. तिथे १५-३० सेकंदांत दुधी रंग उमटत नाही. आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर आधी हलकासा खरवडावा लागतो. डॉक्टरांना एवढंच विचारा : दात वाळवल्यावर सगळीकडे सारखा दुधी दिसतो का? डागाडागांनी चकचकीत राहत असेल, तर ब्रॅकेट तिथूनच सुटणार. आणि आम्ल धुतल्यावर थुंकीचा एक थेंब जरी लागला, तरी नुसतं पुसून भागत नाही. पुन्हा काही सेकंद आम्ल लावून धुवावं लागतं.

इनॅमलचं हे गणित सोपं, कारण त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. आतल्या डेंटीनमध्ये सुमारे १० टक्के पाणी आणि २० टक्के कोलॅजेन (तंतूंचं प्रथिन) वगैरे असतं, म्हणून तिथे चिकटवायला आणखी कित्येक वर्षं लागली. आम्लाने खनिज निघालं की कोलॅजेनच्या तंतूंची जाळी उघडी पडते. टोकियोच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवलं की रेझिन या जाळीत भिनलं तर दात आणि रेझिन यांचा मिश्र थर तयार होतो, आणि पकड त्यानेच येते. पण डेंटीन हवेने खडखडीत वाळवलं तर ओली जाळी सुकून चपटी होते आणि रेझिन आत जात नाही. म्हणून १९९०च्या सुमारापासून डेंटीन टिपून किंचित ओलसर ठेवायला सांगतात : चमकेल, पण पाणी साचणार नाही इतपत. पांढऱ्या भरणानंतर गार पाण्याने झिणझिण्या येतात, त्यामागे पुष्कळदा हाच अंदाज चुकलेला असतो. अॅसिटोनचं बाँडिंग (रेझिन दाताला जोडणारं पातळ द्रावण) असेल तर बाटलीचं झाकणही पाहा. उघडी राहिली की अॅसिटोन उडून जातो, उरलेलं घट्ट द्रावण जाळीत शिरत नाही, आणि बाटली मात्र भरलेलीच दिसते.

तुमच्या मुलीच्या मागच्या दाढांवर धातूच्या पट्ट्या असतील, तर त्या बहुधा ग्लास आयोनोमरने बसवलेल्या असतात. त्यात रेझिन घालून ते उजेडाने घट्ट होईल असं करण्यात कोलकात्यात शिकलेल्या, थ्रीएम कंपनीतल्या रसायनतज्ज्ञ सुमिता मित्रा यांचा मोठा वाटा आहे. हा सुधारित प्रकार थुंकीला कमी घाबरतो. फ्लोरोसिस असलेल्या मुलांत ब्रॅकेटसाठी तो चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, मात्र त्याची पकड रेझिनपेक्षा थोडी कमी असते.

झिरकोनियाची कॅप चिकटतच नाही असं ऐकलं. खरं का? (शारजा)

झिरकोनिया हे पांढरं, कडक सिरॅमिक. त्यात काच नसते, म्हणून चिनी मातीच्या कॅपसारखं आतून हायड्रोफ्लोरिक आम्ल लावून काही होत नाही. त्याऐवजी आतून ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिनाचा कमी दाबाचा फवारा मारतात आणि एमडीपी हा रेणू असलेला प्रायमर लावतात. तो रेणू जपानी कुराराय कंपनीने १९८०च्या सुमारास आणला. त्याचं फॉस्फेटचं टोक झिरकोनियाला धरतं आणि दुसरं टोक रेझिनला. दातात कॅप बसते का पाहताना आत थुंकी लागते, आणि थुंकीतली फॉस्फेटं तीच जागा अडवून बसतात. ती फॉस्फोरिक आम्लाने धुवायला गेलं तर आणखी फॉस्फेट चिकटतं. म्हणून त्यासाठीची खास साफ करणारी पेस्ट वापरतात, किंवा फवारा कॅप तोंडात बसवून पाहिल्यानंतरच मारतात. दात उंच आणि भिंती सरळ असतील तर यातलं काही न करता साध्या ग्लास आयोनोमरनेही झिरकोनिया छान बसते. दात बुटका असेल तेव्हाच ही सगळी खटपट करावी लागते.